नैराश्यावरची थेरपी निवडताना: बीए, सीबीटी, आरईबीटी की आयपीटी?

१९९६ साली छापून आलेल्या अभ्यासात सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नेमका प्रश्न हाती घेतला. नैराश्यावर सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, लागू पडते हे तोवर सिद्ध झालं होतं. पण तिच्यातला कुठला भाग काम करतो? त्यांनी नैराश्याच्या १५० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला सीबीटीतला फक्त वर्तनाचा भाग दिला, म्हणजे दिनक्रम, कामं, हालचाल, माणसांत जाणं. दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला मनात उमटणारे विचार तपासायला शिकवलं. तिसऱ्या गटाला स्वतःबद्दलच्या खोलवरच्या समजुतींपर्यंत जाणारी पूर्ण सीबीटी दिली. जास्तीत जास्त २० सेशन. उपचार संपले तेव्हा तिन्ही गट सारखेच सुधारलेले होते. सहा महिन्यांनी तेच, दोन वर्षांनी पाहिलं तरी तेच.

सीबीटीचा सर्वांत सोपा तुकडा एकट्यानं तेवढंच काम करत होता.

हा निकाल आधी सांगण्याचं कारण असं, की आपल्याकडे ‘कोणती थेरपी सगळ्यात चांगली?’ या प्रश्नावर लोक फार वेळ घालवतात. सरासरी काढली तर नैराश्यावरच्या नामांकित थेरप्यांत फरक अगदी थोडा पडतो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ३४१ रुग्णांवर सीबीटी आणि अल्पकालीन सायकोडायनॅमिक थेरपी (मनात नकळत चालणारे जुने नमुने समजून घेणारी) समोरासमोर ठेवली गेली, प्रत्येकी १६ सेशन. २०१३ साली निकाल आले: दोन्हींत म्हणण्याजोगा फरक नाही, आणि उपचार संपताना पूर्णपणे लक्षणमुक्त झालेले रुग्ण सरासरी २२.७ टक्केच. हा दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोणतीही एक थेरपी १६ सेशनमध्ये सगळ्यांना बरं करत नाही. म्हणून कुठली निवडायची यापेक्षा आपलं नैराश्य कशाच्या आधारावर टिकून राहिलंय, ही थेरपी त्या आधाराला हात घालते का, आणि घालत नसेल तर ते आपल्याला कितव्या आठवड्यात कळणार, हे प्रश्न मोलाचे आहेत.

बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे बीए

हिच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात आणि गोव्यात सर्वांत आधी हीच मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे, आणि हिचंच नाव लोकांना सर्वांत कमी माहीत आहे.

नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. सकाळचं फिरणं सुटतं, मग भिशीला जाणं, मग नातेवाइकांचे फोन घेणं, मग अंघोळसुद्धा दुपारवर जाते. प्रत्येक गोष्ट टाळताना तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, म्हणून टाळणं वाढतं. पण आनंद, कौतुक, ‘चला, एवढं तरी झालं’ असं समाधान ज्या वाटांनी येतं, त्या वाटाही त्याबरोबर बंद होतात. साठलेली कामं, न भरलेली बिलं, दुरावलेली माणसं यांचं नवं ओझं वर येऊन बसतं. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये पीटर लेविन्सन यांनी १९७० च्या दशकात ही साखळी मांडली. बीए ती बाहेरून तोडते. आधी बरं वाटेल आणि मग उठू, हा क्रम उलटा करते.

पहिला आठवडा फक्त नोंदीचा. साध्या वहीत दिवसाचे तासातासाचे रकाने आखायचे. प्रत्येक रकान्यात दोन गोष्टी: काय केलं, आणि तेव्हा मन कसं होतं, ० ते १० मध्ये. ‘काही नाही केलं’ हे उत्तर चालत नाही. पलंगावर पडून मोबाइल पाहिला, छताकडे बघत जुनं आठवत राहिलो, असं लिहायचं. नोंद दिवसातून तीनदा भरावी: जेवणाआधी, संध्याकाळी, झोपताना. रात्री एकदम बसून भरली तर नैराश्यातली स्मृती अख्खा दिवस एकाच रंगात रंगवते आणि सगळीकडे ‘२’ येतो. सगळे आकडे सारखे आले तर या वहीचा उपयोग संपला. तिचा सगळा उपयोग २ आणि ४ मधल्या फरकात आहे.

दुसऱ्या सेशनला थेरपिस्टबरोबर ही वही वाचायची. कोणत्या वेळी आकडा सर्वांत खाली जातो? त्याच्या आधीच्या तासात काय घडलं? जिथे तो थोडा तरी वर गेला तिथे कोण होतं, जागा कुठली होती? बहुतेक वह्यांत एखादा अनपेक्षित ४ सापडतो: गच्चीवर कपडे वाळत घालताना, शेजारच्या लहान मुलाशी बोलताना. योजना तिथून सुरू होते.

योजना कशी लिहायची यावर बरंच काही अवलंबून असतं. ‘व्यायाम सुरू करणे’ ही योजना नव्हे. ‘मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी सातला चपला घालून कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत जाऊन येणे, १० मिनिटं’ ही योजना आहे. दिवस, वेळ, जागा, सोबत कोण, किती मिनिटं. योजनेच्या पहिल्या आठवड्यात अशा एक-दोनच. करण्याआधी अंदाज लिहायचा: किती बरं वाटेल, ० ते १०. केल्यावर प्रत्यक्ष आकडा लिहायचा. नैराश्यातला अंदाज बहुधा खालचा असतो आणि प्रत्यक्ष आकडा किंचित वर जातो. ही तफावत माणसाला स्वतःच्या हस्ताक्षरात दिसते, आणि कोणी शंभरदा समजावून सांगण्यापेक्षा ती जास्त पटते. नियम एकच: कृती वहीप्रमाणे, मूडप्रमाणे नाही.

तिसऱ्या-चौथ्या सेशनपासून टाळाटाळीची साखळी लिहायची. ऑफिसचा फोन वाजला, छातीत धडधडलं, फोन सायलेंट केला, दहा मिनिटं सुटल्यासारखं वाटलं, संध्याकाळी मिस्ड कॉल सात झाले आणि उद्याची भीती दुप्पट. मग फोन सायलेंट करण्याच्या जागी काय करता येईल ते ठरवायचं: फोन उचलून ‘पाच मिनिटांत करतो’ एवढंच म्हणायचं. कुढत बसणं हेसुद्धा बीएमध्ये वर्तनच धरतात. तासभर तेच तेच मनात घोळवून काही ठरलं का? एखादं पाऊल निघालं का? नाही, तर ते टाळाटाळीच्या यादीत जातं, आणि ते सुरू झालं की करायची एक ठरलेली हाताची कृती शेजारी लिहिली जाते.

आता बिघडतं कुठे. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे पहिली उडी मोठी घेणं. नोकरीवर न जाणाऱ्या माणसाला जिमची फी भरायला लावली, तो दोन दिवस गेला, तिसऱ्या दिवशी थांबला, आणि ‘माझ्याच्यानं काही होत नाही’ याला आणखी एक पुरावा मिळाला. योजना मोडली तर तिचा आकार निम्मा करायचा. माणसाला बोल लावायचा नाही. दुसरी चूक आपल्याकडे फार होते, विशेषतः बायकांच्या बाबतीत. पहाटे पाचला उठून रात्री अकरापर्यंत राबणाऱ्या बाईची वही भरगच्च असते आणि प्रत्येक रकान्यात मन २. तिला ‘स्वतःला गुंतवून ठेवा’ सांगणं हा बीएचा विपर्यास आहे. तिच्या बाबतीत एखादं काम काढून घेणं, दुसऱ्यावर सोपवणं, आणि त्या मोकळ्या अर्ध्या तासात तिला मनापासून हवं असलेलं काहीतरी ठेवणं, ही योजना. त्यासाठी घरातल्या माणसाला एका सेशनला बोलवावं लागतं. तिसरी चूक: फक्त मौजेच्या गोष्टी निवडणं. गंभीर नैराश्यात सिनेमा पाहूनही काही वाटत नाही. तेव्हा पूर्ततेच्या गोष्टी आधी चालतात, जसं एक बिल भरणं किंवा एक कप्पा आवरणं. मजा मागून येते.

ही पद्धत साधी आहे म्हणून हलकी नाही. सिअ‍ॅटलमध्येच २४१ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ साली छापून आलेल्या अभ्यासात जास्त तीव्र नैराश्य असलेल्यांमध्ये बीए पॅरॉक्सेटिन या गोळीच्या बरोबरीची ठरली आणि विचारांवरच्या थेरपीपेक्षा सरस. इंग्लंडमधल्या ‘कोब्रा’ अभ्यासात, २०१६ साली, ४४० रुग्णांपैकी निम्म्यांना अनुभवी थेरपिस्टनी सीबीटी दिली आणि निम्म्यांना कनिष्ठ मानसिक आरोग्य कर्मचाऱ्यांनी बीए. वर्षभरानंतर निकाल सारखाच, आणि बीएचा खर्च कमी.

पण माझ्या लेखी सर्वांत मोठा पुरावा आपल्या शेजारचा आहे. गोव्यातल्या ‘संगत’ या संस्थेनं विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली ‘हेल्दी अ‍ॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम’ तयार केला. त्याचा गाभा बीए. समुपदेशक कोण, तर मानसशास्त्राची पदवी नसलेली, गोव्यातलीच, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं. रुग्ण १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतले ४९५ प्रौढ, सगळे मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे. सहा ते आठ सेशन, प्रत्येक ३० ते ४० मिनिटांचं, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्याच्या रेषेखाली आले. नेहमीच्या उपचारांच्या गटात ३९ टक्के. निकाल २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि वर्षभरानंतर पाहिलं तेव्हाही फायदा टिकून होता. समुपदेशकांच्या सेशनची ध्वनिमुद्रणं गटात ऐकून एकमेकांना गुण देण्याची पद्धत तिथे होती. दर्जा टिकायचा असेल तर असं काहीतरी लागतंच.

तालुक्याच्या गावात एमफिल झालेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळणं अवघड आहे. पण वही, आठ सेशन आणि देखरेखीखाली काम करणारा प्रशिक्षित माणूस उभा करणं शक्य आहे. हे गोव्यात जमतं तर सीमेपलीकडच्या दोडामार्गात का जमू नये, हा प्रश्न आपण आरोग्य खात्याला विचारत राहिलं पाहिजे.

विचारांकडून जाणाऱ्या दोन वाटा

आरन बेक हे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ, मूळचे मनोविश्लेषक. १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की नैराश्यातल्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल झरझर नकारात्मक वाक्यं उमटतात, आणि तो ती तपासून न पाहता खरी धरतो. सीबीटी ही वाक्यं पकडून कागदावर आणते.

चांगल्या सीबीटीचं सेशन ४५-५० मिनिटांचं आणि आखीव असतं: मूडची मोजणी, आजचा विषय ठरवणं, गेल्या वेळचा गृहपाठ, मग मुख्य काम, नवा गृहपाठ, आणि शेवटी आज काय कळलं ते रुग्णाच्याच शब्दांत. साधारण १२ ते २० सेशन. तिचं मुख्य हत्यार म्हणजे विचारांची नोंद. प्रसंग: मीटिंगमध्ये साहेबांनी माझा मुद्दा ऐकून पुढचा विषय घेतला. भावना: खिन्नता ८०, शरम ७०. विचार: ‘मी कुचकामी आहे, हे आता सगळ्यांना कळलंय.’ विश्वास ९० टक्के. याच्या बाजूचा पुरावा: मुद्द्यावर चर्चा झाली नाही. विरुद्धचा पुरावा: त्या दिवशी आणखी दोघांचे मुद्दे असेच मागे पडले, मागच्या महिन्याचा अहवाल साहेबांनी माझ्याकडूनच मागून घेतला. पर्यायी विचार: ‘मुद्दा आज मागे पडला, मेलवर पाठवतो.’ मूळ विचारावरचा विश्वास आता ५५, खिन्नता ५०. शून्य होत नाही, आणि व्हायची अपेक्षाही नसते.

ही नोंद फसते ती ठरावीक ठिकाणी. विचाराच्या रकान्यात ‘मला खूप वाईट वाटलं’ लिहिलं जातं. ती भावना झाली, तिचा पुरावा तपासता येत नाही. किंवा प्रश्न लिहिला जातो: ‘माझ्याच वाट्याला हे का?’ प्रश्न खरा की खोटा ठरवता येत नाही, म्हणून आधी त्याचं विधान करून घ्यावं लागतं: ‘माझ्या आयुष्यात कधीच काही चांगलं होणार नाही.’ पर्यायी विचार म्हणून ‘मी खूप हुशार आहे, सगळं छान होईल’ असं लिहिलं तर मन ते झटकून टाकतं. सीबीटी सकारात्मक विचारांचा क्लास नाही. तिथे अचूक विचार हवा असतो. आणि थेरपिस्ट वकिलासारखा उलटतपासणी घ्यायला लागला तर रुग्ण तोंडदेखलं हो म्हणून घरी जातो.

एक गंभीर मर्यादाही आहे. कर्ज खरंच डोक्यावर असेल, नवरा खरंच मारत असेल, तर ‘मी अडकले आहे’ हा विचार चुकीचा नसतो. तिथे विचारांची नोंद काढत बसणं म्हणजे परिस्थितीचा दोष माणसाच्या डोक्यात घालणं. अशा वेळी समस्या सोडवण्याची थेरपी, कायदेशीर मदत, महिलांसाठी १८१ हा क्रमांक या गोष्टी आधी येतात.

सीबीटीचा एक फायदा मात्र नजरेआड करू नये. २००५ साली छापून आलेल्या एका अमेरिकी अभ्यासात मध्यम ते तीव्र नैराश्यात विचारांवरची थेरपी आणि गोळ्या १६ आठवड्यांनी सारख्याच ठरल्या: दोन्हींत ५८ टक्के लोकांना गुण. पुढच्या वर्षभरात ज्यांच्या गोळ्या थांबवल्या त्यांच्यापैकी ७६ टक्क्यांचं नैराश्य उलटलं. थेरपी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं. शिकलेलं कौशल्य सेशन संपल्यावरही कामी येतं.

दुसरी वाट अल्बर्ट एलिस यांची. न्यूयॉर्कमध्ये १९५५ च्या सुमारास त्यांनी जी पद्धत मांडली तिला आज आरईबीटी, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणतात. मराठी वाचकांना ती सीबीटीपेक्षा जवळची वाटते याला कारण आहे. कि. मो. फडके यांचा एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी ही विचारसरणी मराठीत रुजवली. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभ्या केलेल्या आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्थेनंही ती घराघरांत नेली. ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द आज कार्यशाळेला न गेलेल्या माणसालाही परका वाटत नाही.

बेक आणि एलिस यांच्यातला फरक वरच्याच प्रसंगावर पाहू. बेक यांच्या वाटेनं जाणारा थेरपिस्ट विचारतो: साहेबांनी दुर्लक्ष केलं हे खरं आहे का, पुरावा काय? एलिस यांच्या वाटेचा म्हणतो: समजा खरंच केलं. समजा त्यांना तुमचं काम आवडत नाही. म्हणून तुम्ही माणूस म्हणून कवडीमोल कसे झालात? आरईबीटी घटनेची सत्यता बाजूला ठेवून तिच्यामागची मागणी शोधते. ‘माझं काम सर्वांनी मान्य केलंच पाहिजे’ ही मागणी, मग ‘नाही केलं तर ते भयंकर आहे’, ‘मला ते सहनच होणार नाही’, आणि ‘मी नालायक आहे’. या चार समजुतींना आव्हान द्यायचं आणि त्या जागी इच्छा ठेवायची: मान्य व्हावं असं मला फार वाटतं, पण तसं झालंच पाहिजे असा नियम नाही.

स्वतःला सतत नापास करणाऱ्या, परीक्षा, बढती, लग्न जमणं यांवर आपली किंमत ठरवणाऱ्या माणसांना आरईबीटी नेमकी लागते. रोमानियातल्या क्लुज इथे १७० रुग्णांवर आरईबीटी, बेक यांची थेरपी आणि फ्लुऑक्झेटिन ही गोळी यांची तुलना झाली, १४ आठवडे. उपचारांती तिन्ही सारख्या. तरी एकूण पुराव्याचा साठा सीबीटी आणि बीएचा कितीतरी मोठा आहे, हे सांगायला हवं. शिवाय एलिस यांची वादविवादाची शैली जशीच्या तशी गंभीर नैराश्यातल्या माणसावर वापरली तर ‘मी विचारही अविवेकी करतो’ असा नवा दोष तो स्वतःला लावतो. व्याख्यान ऐकून पटलेली आरईबीटी आणि उपचार म्हणून घेतलेली आरईबीटी यांत अंतर आहे. पहिली डोक्याला पटते. दुसरीत ज्या गोष्टीची लाज वाटते तीच गोष्ट मुद्दाम करून पाहण्याचा गृहपाठ असतो.

आयपीटी: नात्यांतून

इंटरपर्सनल थेरपी जेराल्ड क्लेरमन आणि मर्ना वाइसमन यांनी अमेरिकेत १९७० च्या दशकात घडवली. १२ ते १६ सेशन. हिच्यात विचारांच्या नोंदी नाहीत, वही नाही. पहिल्या तीन सेशनमध्ये दोन गोष्टी होतात: नैराश्य केव्हा सुरू झालं आणि तेव्हा आयुष्यात काय चाललं होतं याची काळरेषा, आणि आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसांची उजळणी. कोण आहेत, किती भेट होते, काय अपेक्षा, कुठे खटकतं. मग चारांपैकी एक विषय निवडायचा: जवळच्याचा मृत्यू, नात्यातला वाद, भूमिकेतला बदल, किंवा एकटेपणा. एक, फार तर दोन. उरलेली सगळी सेशन त्यावरच.

आपल्याकडे हे चार विषय किती ओळखीचे आहेत! लग्न होऊन दुसऱ्या गावी आलेली मुलगी, निवृत्त झालेला शिक्षक, मुलं अमेरिकेत गेल्यावर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये उरलेलं जोडपं, वर्षश्राद्ध होऊनही कपाटातले कपडे हलवू न शकणारी आई. अशांना ‘तुमचे विचार चुकीचे आहेत’ इथून सुरुवात केलेली रुचत नाही. ‘तुमच्या आयुष्यात हे घडलं आणि त्यातून आजार आला’ हे पटतं.

वाद हा विषय असेल तर संवादाचं शब्दशः विश्लेषण करतात. बाई म्हणतात, “मी सांगितलं हो, पण त्यांना पर्वाच नाही.” थेरपिस्ट विचारतो: कुठल्या शब्दांत सांगितलंत? कधी? ते काय म्हणाले? मग कळतं की भांडी जरा जोरात ठेवून “मी आहेच करायला” एवढंच म्हटलं गेलं होतं. समोरच्याला त्यात मागणी ऐकूच आली नाही. मग थेट वाक्य तयार करायचं, “रविवारी दुपारचा स्वयंपाक तुम्ही बघा, मला दोन तास माहेरी जायचंय,” आणि ते सेशनमध्येच म्हणून पाहायचं. पाठ फिरवून ओरडणं आणि तोंडावर गप्प बसणं यांच्या मधली जागा आयपीटी शिकवते.

हिचा सर्वांत ठसठशीत पुरावा युगांडातला. दक्षिण युगांडातल्या ३० खेड्यांत २००२ साली गटानं आयपीटी दिली गेली: पुरुषांचे गट वेगळे, बायकांचे वेगळे, चालवणारे स्थानिक, आठवड्याला दीड तास, १६ आठवडे. शेवटी थेरपीच्या गटात ६.५ टक्के लोकांना नैराश्य उरलं होतं, थेरपी न मिळालेल्या गटात ५४.७ टक्के. गोळ्या नाहीत, डॉक्टर नाहीत. बचत गटांचं जाळं असलेल्या महाराष्ट्रानं हा अभ्यास नीट वाचावा.

चुकतं कुठे? थेरपिस्ट चारही विषयांत फिरत राहिला की १६ सेशन गप्पांत जातात. आणि घरात हिंसा असेल तिथे तडजोडीची भाषा धोक्याची ठरते, सुरक्षितता आधी.

बाकीच्या, थोडक्यात

समस्या सोडवण्याची थेरपी: अडचणींची यादी, एक निवड, सुचतील तेवढे उपाय लिहिणं, त्यांचे फायदे-तोटे, एक उपाय आठवडाभर करून पाहणं. झिंबाब्वेत हरारेच्या दवाखान्यांबाहेर बाकांवर बसून आजीबाईंनी ही दिली, सहा सेशन; २०१६ साली तिचे निकाल चांगले आले. अडचणी ठोस असतील तर उत्तम.

सायकोडायनॅमिक: तोच तो नमुना प्रत्येक नात्यात फिरून येत असेल आणि माणसाला तो समजून घ्यायची ओढ असेल तर. गृहपाठ नाही. लवकर आराम हवा असणाऱ्यानं इथून सुरुवात करू नये, असं मला वाटतं.

व्यक्तिकेंद्री समुपदेशन, कार्ल रॉजर्स यांच्या परंपरेतलं, सल्ला देण्यापेक्षा समजून ऐकण्यावर भर देणारं: शेफील्डमध्ये ५१० रुग्णांवरच्या अभ्यासात सहा महिन्यांनी सीबीटीच्या तोडीचं, वर्षानं मात्र सीबीटी पुढे.

एमबीसीटी, म्हणजे माइंडफुलनेसची आठ आठवड्यांची गटथेरपी, मुळात घडवली गेली ती नैराश्य उलटू नये म्हणून. २००० साली आलेल्या पहिल्या मोठ्या अभ्यासात तीन किंवा जास्त वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये उलटण्याचं प्रमाण ६६ वरून ३७ टक्क्यांवर आलं. दोनदाच येऊन गेलेल्यांना फायदा दिसला नाही. ऐन नैराश्यात, डोळे मिटले की कुढणंच सुरू होत असताना, ४५ मिनिटं ध्यानाला बसवणं मला योग्य वाटत नाही.

मग निवड कशी?

अंथरुणातून उठणं, अंघोळ, फोन हेच जमत नसेल तर बीए. दिवस चालू आहे, पण डोक्यातला आवाज दिवसभर कोसतो आहे, तर सीबीटी किंवा आरईबीटी. एखाद्या मृत्यूनंतर, भांडणानंतर, बदलीनंतर सुरू झालं असेल तर आयपीटी. तिन्ही थोडं थोडं असेल तर जवळ जे चांगलं मिळतं ते, आणि सुरुवात वर्तनापासून. एकाग्रता नसताना विचारांचे सात रकाने कोणालाही भरता येत नाहीत.

त्याआधी मात्र डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्यावं. दारूचं प्रमाण खरं सांगावं. पूर्वी कधी झोपेची गरज न वाटता दिवसचे दिवस अफाट उत्साह, उधळपट्टी असं झालं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगायचं, कारण तो बायपोलर आजार असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे. तीव्र नैराश्यात थेरपी आणि गोळ्या एकत्र घेणं हे नुसत्या एकापेक्षा चांगलं ठरतं. भास, खाणं-पिणं बंद होणं, मरणाची योजना मनात असणं, यांपैकी काही असेल तर सायकियाट्रिस्ट त्याच दिवशी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

थेरपिस्टला फोनवर हे विचारायला संकोच नको: शिक्षण काय, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी आहे का? नैराश्यासाठी कोणती पद्धत वापरता? साधारण किती सेशन? प्रगती कशी मोजता? सेशन मराठीत होईल का? शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. मनातली बोचरी वाक्यं ज्या भाषेत उमटतात त्याच भाषेत ती तपासता येतात. परदेशात राहणाऱ्यांनी त्यासाठी व्हिडिओवर मराठी थेरपिस्ट शोधलेला बरा. ‘सगळंच वापरतो’ असं उत्तर आलं तर पुढे विचारा: माझ्यासाठी पहिले चार आठवडे काय कराल?

मोजणीसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली पुरेशी आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. दर सेशनआधी दोन मिनिटांत भरायची आणि आकडा तारखेसह लिहून ठेवायचा. पाच गुणांनी उतरली तर खरा बदल समजतात. सहाव्या सेशनपर्यंत तेवढीही उतरली नसेल तर तोच उपचार तसाच पुढे रेटू नये. आधी तपासायचं की गृहपाठ होतोय का, योजना फार मोठी आहे का, निदान बरोबर आहे का, थेरपिस्टशी मोकळं बोलता येतंय का. मग पद्धत बदलणं, गोळ्या जोडणं किंवा थेरपिस्ट बदलणं. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांना, ० सोडून कोणतंही उत्तर असेल तर एकूण आकडा कितीही कमी असो, ते त्या सेशनमध्ये मोठ्यानं बोलायचं.

थेरपिस्ट बदलताना हा आकड्यांचा कागद, बीएची वही आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी, म्हणजे पहिली दोन सेशन तीच हकिगत पुन्हा सांगण्यात जात नाहीत. आणि बरं वाटू लागलं म्हणून अचानक थांबू नये: शेवटची दोन-तीन सेशन पंधरा दिवसांच्या, मग महिन्याच्या अंतरानं ठेवून त्यांत एक पान लिहून घ्यावं. माझी पहिली लक्षणं कोणती (बहुतेकांची झोप आणि फोन टाळणं), ती दिसल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं, आणि आकडा १० च्या वर दोन आठवडे राहिला तर कोणाला फोन करायचा. हे पान घरातल्या एका माणसाकडेही असावं.